सगळ्यांना दिलेला आवाज

जपानमध्ये, सेंदाईला आल्यावर दुसऱ्या वर्षी मला एका छोट्या वाचनालयात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मिळालं. नवरा विद्यापीठात संशोधन करत होता. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होते, म्हणून अंध वाचकांचं काम माझ्याकडे आलं. कचरा कसा वेगळा करायचा, बसच्या वेळा कुठे बदलल्या, असा मजकूर संगणकात टाकायचा. संगणक तो वाचून दाखवायचा. दारातल्या स्पीकरवरच्या सूचनाही त्याच आवाजात.

विकतचं सॉफ्टवेअर परवडेना, तेव्हा ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं, वापरू, असं मीच सुचवलं.

"बिघडलं तर फोन कुणाला करायचा?" वाचनालयाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

"मला," मी म्हणाले.

आधीचा आवाज विमानतळावरच्या घोषणेसारखा गुळगुळीत होता. नवा आवाज गावांची नावं चुकायचा, मोठ्या वाक्यात दमायचा. ती नावं सुधारण्यात माझे कितीतरी दिवस जात. पण त्यात कुणीतरी होतं. नेहमी येणारे एक अंध आजोबा एकदा म्हणाले, "ही बाई कुठे बसते?"

"बाई नाही, संगणक आहे."

"संगणक बोलायच्या आधी ओठ ओले करत नाही," ते म्हणाले.

मी घरी हेडफोन लावून ऐकलं. खरंच, वाक्य सुरू होण्याआधी अगदी बारीक ओला आवाज येत होता.

हिवाळ्यात एका दुपारी साठीच्या एक बाई आल्या. गळ्याभोवती घट्ट स्कार्फ. दारातली सूचना सुरू झाली आणि त्या जागीच थांबल्या. सूचना संपली तरी हलल्या नाहीत. मी जवळ गेले, तेव्हा त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं.

'हा आवाज माझा आहे.'

मग हळूहळू, लिहून लिहून, त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी प्रकल्पासाठी त्यांनी शेकडो वाक्यं वाचून दिली होती. कुणीही, कशालाही, फुकट वापरावीत म्हणून. पुढे घशाचा आजार झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं.

मी घाईने विचारलं, "आम्ही हा आवाज बंद करू का?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. 'सगळ्यांना दिला होता. सगळ्यांत तुम्हीही आलात.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'एकदा घरचा फोन उचलला, तर पलीकडून मीच बोलत होते. आमच्याकडून छप्पर दुरुस्त करून घ्या, अशी कुठल्याशा कंपनीची जाहिरात करत होते. मला नको म्हणता येईना. शेवटपर्यंत ऐकत राहिले.'

त्या रात्री मी त्या आवाजाच्या वापर-परवान्याचा मजकूर पुन्हा वाचला. विकतच्या आवाजामागे करार असतो, तक्रार करायला एक कंपनी असते. इथे तसं कुणीच नव्हतं. हे दार एकदा उघडलं की देणाऱ्यालासुद्धा लावता येत नव्हतं. हा मोकळेपणा मी किती उत्साहाने प्रमुखबाईंना समजावला होता!

प्रमुखबाई दुसरा आवाज घ्यायला तयार होत्या. पण पुढच्या आठवड्यात त्या बाईच परत आल्या. 'इथे राहू दे,' त्यांनी लिहिलं. 'इथे तो काय बोलतो, ते मला माहीत असेल.' आणि नावं सुधारायला त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

मी एकेक उच्चार दुरुस्त करून ऐकवत होते. त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. आधी मला गंमत वाटली. मग लक्षात आलं, ओठ आवाजाच्या किंचित पुढे होते. शब्द त्यांच्या तोंडात तयार होई आणि मग टेबलावरच्या डब्यातून बाहेर पडे. स्पीकरने श्वास घेतला, की त्यांचा हात स्कार्फवर जाई. मी त्यांच्याकडे बघणं सोडलं आणि नजर पडद्यावर खिळवून काम संपवलं.

वसंतात त्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. आवाज आमच्याकडेच राहिला. एकदा मी घरून काम करत असताना सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे स्पीकर चालू होता.

"कोण गं बोलतंय? पाहुणी आलीय का?"

"ऑफिसातल्या एक बाई आहेत, आई."

"मग दे की त्यांना फोन. निदान नमस्कार तरी करते."

"त्यांना बोलता येत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी कान फोनजवळ आणला. मागे त्या बाई कचऱ्याचे नियम वाचत होत्या.