काचेबाहेरची खुर्ची

मी कडूबाई. झरीच्या बस थांब्यापाशी बांगड्यांचा गाडा लावते. माझ्या गाड्याला लागूनच दत्तरावचं कापडाचं दुकान हाय, काळ्या काचेचं. लोक म्हणत्यात, झरीत परभणीसारखं दुकान झालं की! म्हणू द्या. माझं त्या काचेकडं बघितलं की डोकं फिरतं. दिसभर पोरं तिच्यापुढं भांग पाडत्यात, बाया पदर नीट करत्यात, आन मला वाटतं, घ्यावा एक दगड आन हाणावा.

दत्तरावची बायको गीताबाई. दुकान नावाला नवऱ्याचं, चालवायची ती. बाई दुकानात शिरली की तिच्या तोंडाकडं बघूनच सांगायची, "तुमाला हिरवं पायजे, पण सासूनं मोरपंखी सांगितलंय, व्हय ना?" आन बाई हसून दोन्ही घ्यायची. तिचं हसू माझ्या गाड्यापत्तूर ऐकू यायचं. दुपारी भाकरीवर ठेचा घालून मला हाक मारायची, "या वो कडूबाई, बांगड्या काय पळून जायल्यात का?" असं माणूस.

त्यांची एकुलती एक पोरगी, राजेश्री. तिनं बुद्धभूषणशी लगीन केलं. पोरगा शिकलेला, शांत, परभणीला मास्तर. पण जातीबाहेरचा. दत्तरावनं दुकान बंद करून घरात बसून घेतलं, जसं काय घरात मयत झाली. आन मग बायकोला म्हणला, "तिच्याशी एक शब्द बोललीस तर माझ्या गळ्याची आण हाय तुला." नवऱ्याच्या गळ्याची आण! गीताबाईचा त्याच्यावर लय जीव, आन आणेवर लय विश्वास. आण मोडली तर माणूस जाईल, हे तिच्या काळजात पक्कं. मी म्हणलं, "अगं, आसं काय नसतं." तर म्हणली, "नसंल. पण व्हय झालं तर?"

राजेश्रीला जिंतूरच्या शाळेत नोकरी लागली. रोज सकाळी परभणीहून जायची, दुपारी परत. परतीची बस बरोबर दुकानापुढं थांबती. पोरगी डाव्या खिडकीला बसायची. त्या वक्ताला दत्तराव जेवून घरी झोपलेला असायचा, गल्ल्यावर गीताबाई. तवा दुकान उघडं व्हतं, शटर वर केलं की झालं. बस थांबायची, मायलेकी एकमेकींकडं बघायच्या, कंडक्टर घंटी मारायचा, बस जायची. एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. एकदा मी म्हणलं, "आण पाळतीस ना गं?" तर डोळे मिचकावून म्हणली, "बोलायची आण घातलीय, बघायची कुठं घातलीय?"

मग रस्ता रुंद झाला आन दुकानापुढचा कडूलिंब गेला. दुकान मावळतीकडं तोंड करून. दुपार कलली की ऊन थेट गल्ल्यावर. वरच्या घड्यांचा रंग उडायला, लाल साडी गुलाबी व्हायली. आन एका उन्हाळ्यात गीताबाईच गल्ल्यावर आडवी झाली. डॉक्टर म्हणला, बाईला ऊन सोसायचं न्हाई आता, जपा. दत्तराव घाबरला. खोटं कशाला बोलू, त्या माणसाचा बायकोवर जीव व्हता. त्यानं ठरवलं, पुढं काच बसवायची, आत एसी.

परभणीहून काचवाला दोन तुकडे घेऊन आला. एक साधी पांढरी, एक काळी, बाहेरून आरशासारखी. भर उन्हात दोन्ही उभ्या केल्या आन म्हणला, "मागं हात धरून बघा." दत्तरावनं धरला. पांढरीमागं हात भाजला, काळीमागं न्हाई. "ऊन बाहेरच्या बाहेर परत जातंय," काचवाला म्हणला. "दिवसा आतून बाहेरचं सगळं दिसंल, बाहेरून आतलं काय न्हाई."

गीताबाईचं तोंड उतरलं. म्हणली, "पांढरीच घ्या. बाहेरून साड्या दिसल्या न्हाईत तर गिऱ्हाईक चढंल कसं?"

"साड्या टिकल्या तर दिसतील ना! आन तू?"

"माझं बघते मी. पडदा लावू, पंखा लावू. पण पांढरी घ्या वो. एवढं ऐका माझं."

दत्तरावनं काळ्या काचेवरनं एकदा हात फिरवला आन म्हणला, "बरं बाई, पांढरी." त्या दिशी तिनं मला फुकट खण दिला, इतकी खूश.

पुढं ती भावाच्या घरच्या लग्नाला चुडाव्याला गेली. परत आली तर दुकानाला काळी काच! दत्तराव दारात उभा, पोरासारखा हसायला. "म्हणलं, ही काय स्वतःसाठी मागायची न्हाई. तुझ्यासाठी घेतली. जा, बस आत, बघ कसं गार वाटतंय." आता ह्या माणसाला काय म्हणावं तुमीच सांगा. शिव्या द्याव्या तर तोंड वळत न्हाई.

त्या दुपारी बस आली. राजेश्रीनं खिडकीतून बघितलं, तर समोर काचेत बसच दिसायली, आन बसमध्ये ती स्वतः. आतून गीताबाई काचेवर हात बडवायली, माझा गाडा लागूनच म्हणून मला तेवढं ऐकू आलं. एसीचा आवाज, रस्त्याचा आवाज, बसमध्ये कोण ऐकतंय? मी धावत खिडकीखाली गेले, ओरडून सांगितलं, "आत हाय गं, तुझ्याकडंच बघायलीय!" पोरीनं काचेकडं हात हलवला. काचेतल्या राजेश्रीनं तिला हात हलवला. बस गेली.

गीताबाई बाहेर आली. "मला ती दिसली, कडूबाई. पण तिला मी न्हाई दिसले. ती काय समजंल? आईनं तोंड लपवलं."

मी म्हणलं, दत्तरावला सांगून टाक. तर माझे हात धरले. "त्यांनी बघायची बी आण घातली तर?"

दुसऱ्या दिशी तिनं दुकानातली खुर्ची उचलून बाहेर मांडली, काचेपुढं, उन्हात. आतून उठून दाराबाहेर येईपत्तूर बस सुटती म्हणली. मी म्हणलं, माझ्या छत्रीखाली बस. तर छत्रीच्या झालरीनं तोंड झाकतं, बसमधून दिसत न्हाई म्हणली. हिवाळा गेला तसा. मग उन्हाळा आला. परभणीचा उन्हाळा, तव्यावर हात ठेवल्यासारखा. त्यात काचेवर पडलेलं ऊन उलटं फिरून तिच्या पाठीवर. पुढून ऊन, मागून ऊन. कोणीतरी दत्तरावच्या कानावर घातलं. त्यानं चिडून विचारलं, "एवढी गार हवा सोडून बाहेर कशाला जळायलीस?" ती म्हणली, "आत जीव गुदमरतो." तो म्हणला, "तुझ्यासाठी केलं सगळं, आन तुला त्याची किंमतच न्हाई." रुसला बिचारा.

त्या दिशी बसला उशीर झाला. लयच उशीर. रस्त्यावर कुत्रं न्हाई. मी पदर भिजवून तिच्या डोक्यावर टाकला, पाणी पाजलं, हात धरून ओढलं. "उठ गं माझे बाई. एक दिवस न्हाई बघितलं तर काय पोरगी मरती का?"

"आली की उठते."

बस आली. खरंच उठली. पदर नीट केला, वर बघून हसली, हात उचलला. आन तशीच खाली.

राजेश्री किंचाळत बसमधून उतरली. आमी दोघींनी तिला उचलून आत नेलं, त्या गारव्यात. इतक्या वर्षांनी पोरगी तो उंबरा चढली ती अशी. आईचं डोकं मांडीवर घेऊन म्हणली, "आई, बोल की गं, एकदा बोल." गीताबाईनं डोळे उघडले. ओठ हलले. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी, नाव ओठावर आलं व्हतं. तेवढ्यात दारातून दत्तराव धावत आला. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या गळ्याकडं, आन ओठ मिटून घेतले. पोरीच्या गालावरून नुसता हात फिरवला. परभणीच्या वाटेवर, दवाखान्याच्या आधीच गेली.

दहावं झाल्यावर दत्तरावनं मला विचारलं, "ती बाहेर का बसायची वो?" आता कुणाची भीती? मी सगळं सांगितलं. जीव तोडून सांगितलं, त्याला लागावं म्हणूनच सांगितलं. तो काचेला हात लावून उभा राहिला. म्हणला, "तिनं पांढरी मागितली व्हती." परत परत तेच म्हणायला.

आता दुपारची झोप सुटलीय त्याची. तीच खुर्ची, तीच जागा. लोक म्हणत्यात, "दत्तराव, आत बसा की, एसी कशाला लावलाय?" तो म्हणतो, "आत जीव गुदमरतो." मला दया बी येती आन राग बी येतो. बसा म्हणते मी मनात, बसा आता.

बस येती. दत्तराव उठून उभा राहतो, टोपी नीट करतो, एकेक खिडकी बघतो. मग मला विचारतो, "आज बी आली न्हाई का वो?"

मी न्हाई म्हणते. येती की ती. रोज ह्याच बसनं येती. पण आता पलीकडच्या खिडकीला बसती.