थापांचा डाव

आमच्या घरी रविवारी दुपारची जेवणं झाली की ‘थापा’ खेळतात. एकाने शब्दकोशातून कोणालाच ठाऊक नसलेला शब्द काढायचा आणि त्याचा खरा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. बाकीच्यांनी मनाने अर्थ रचायचे. मग सगळ्या चिठ्ठ्या मिसळून मोठ्याने वाचायच्या आणि खरी कोणती ते ओळखायचं. ज्याच्या थापेला जास्त माणसं फसतील तो जिंकला. बहुतेकदा मीच जिंकते. या गोष्टीची मी इतके दिवस फुशारकी मारत होते.

या उन्हाळ्यात मी एक थाप खेळाबाहेर मारली. सदरमधल्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि माझ्याकडे बघत एक इंग्रजी शब्द उच्चारला. कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरला आहे, असा त्याचा अर्थ. परतताना ऑटोत बाबांनी विचारलं, “काय म्हणे वं डॉक्टर? त्या शब्दाचा मतलब काय?”

मी जराही अडखळले नाही. “रक्तातलं लोह कमी झालं का तसं म्हणतात, बाबा. उन्हाळ्यात जास्तच होते. गूळ-शेंगदाणे खायचे, पालक खायचा, दिवाळीपर्यंत सगळं भरून येते.”

घरी आल्यावर आई, भाऊ आणि वहिनी यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. बाबांना मात्र सगळ्यांनी लोहाचंच सांगायचं, हेही मीच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा चहाबरोबर मुकाट्याने गूळ-शेंगदाणे खाऊ लागले. त्या वाटीकडे माझ्याने बघवत नसे.

बाबा ‘थापा’ कधी खेळत नसत. गांधीबागेतलं साड्यांचं दुकान भावाकडे सोपवल्यापासून रविवारी ते दिवाणावर पेपर वाचत पडत. एका रविवारी मात्र त्यांनी पेपर बाजूला ठेवला होता. शब्द निघाला ‘तसराळे’. वहिनीने चिठ्ठ्या वाचल्या. ‘पसरट तोंडाचं मोठं भांडं’ अशी एक होती. माझी होती, ‘बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांच्या मधोमध उरलेली गवताची पट्टी, नवरदेवाची गाडी आली की वऱ्हाडी मंडळी ती आधी कापून घेत.’ भाऊ फसला, आईसुद्धा फसली. हसत-खिदळत सगळे चहा करायला आत गेले.

“गवतवाली तुही होती ना?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही कशी ओळखली?”

“खरा अर्थ लहान राहते वं. तुह्या अर्थाले झालर राहते. ज्या साडीत दम नाही, तिचीच तारीफ जास्त करा लागते. जिंदगीभर दुकानात हेच तर केलं.”

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच पेन्सिली गोळा करायला लागले. बाबांनी त्यातलीच एक माझ्या हातात ठेवली आणि एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.

“डॉक्टरच्या त्या शब्दाचा अर्थ लिही. झालर नको लावू.”

तोंडाने मला सांगता आलं नसतं. मी एक ओळ लिहिली. बाबांनी चष्मा लावला. एवढीशी ओळ, पण ती वाचायला त्यांना फार वेळ लागला.

“कोणाकोणाले माहीत आहे?”

“सगळ्याइले.”

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. बाबा त्या दिशेला बघत राहिले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. बाबांना त्रास नको म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला बजावत आले होते. खरं तर ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, हे मला बघायचं नव्हतं. माझ्या भित्रेपणापायी एवढा मोठा माणूस स्वतःच्याच घरात एकटा पडला होता.

“मी चुकली, बाबा.”

त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. “तुह्या मायले सांगू नको, मले समजलं म्हणून. मले काही माहीत नाही, एवढ्यावरच ती हसून राहिली. तिचं तेवढं राहू दे.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. “कसं वाटून राहिलं आता?” तिने विचारलं. सकाळी ती बाजारात गेली होती. तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, उठलेही नव्हते, हे मी पाहिलं होतं.

“एकदम बढिया,” बाबा म्हणाले. “तू बाजारात गेली ना, तवा मी बगिच्यात चक्कर मारून आलो. तिथं पानठेलेवाला भेटला. म्हणे, शेठजी, चेहऱ्यावर लाली आली तुमच्या! त्याच्या सासऱ्यालेही हेच झालं होतं म्हणे, आता सायकल चालवते.”

आईला ते पटलं. किती दिवसांनी तिने चहाचा घोट शांतपणे घेतला, आणि मला मान वर करवेना.