सगुणाबाईची जोडी

सगुणाबाईने दुसरं लग्न केलं, अशी बातमी दिवाळीच्या तोंडावर आमच्या वस्तीत उठली. उठवली तिच्याच सासूने. तानुबाईला ऐकू कमी येतं आणि बोलायला भरपूर येतं. सून म्हणाली होती, "आत्या, जोडी लागली." म्हातारी तेवढ्यावर दारोदार सांगत सुटली. ताडकळसच्या बाजाराहून परतणारे माझ्या पंक्चरच्या दुकानापाशी थांबून नवरदेवाचं नाव विचारायला लागले. मी दोन-तीन नावं सुचवलीसुद्धा.

लग्नबिग्न काही नव्हतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि इथल्या टोळीचा मुकादम भागवत अर्धे कोयते घेत नाही. सगुणाबाईचा नवरा गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याला गावी आणून माती दिली. तेरावा व्हायच्या आत भागवत दारात.

"सगुणे, पोरगी केवढी झाली?"

"नववीला जाईल औंदा."

"वर्ग इचारला का मी? आपला बजरंग एकटाच हाय. दोघाचं लावून टाकू, पुरा कोयता हुतोय. तू बी चल संगं, फडावरच्या कोपीत भाकरी थाप."

बजरंग त्याच्याच टोळीतला, तिशी ओलांडलेला. आमच्याकडे कोयत्यासाठी पोरी अशाच उजवतात, त्याला कोणी दचकत नाही. मीही बजरंगच्या पिकलेल्या मिशीवर एक विनोद केला. सगुणाबाई हसली नाही. चिडलीही नाही. नुसती माझ्याकडे बघून पाणी भरायला गेली.

शाळेत तिच्या पोरीचे, शिवकन्येचे, फार लाड होते असंही नाही. तिथला संडास धुवायची पाळी आमच्या मांगवाड्यातल्या पोरींची. गावातल्या पोरींची पाळी आल्याचं मी कधी ऐकलं नाही. पोरीने एकदा घरी रडून सांगितलं, तेव्हा आई चुलीवरून मान वर न करता म्हणाली, "हात धू आन वर्गात बस."

मुकादमाला ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शिवकन्येला नववीत बसवलं, पावसाळाभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. सोयाबीनची काढणी उरकली तशी पेडगावला दगडाबाईकडे गेली. दगडाबाईला तिन्ही पोरीच झाल्या म्हणून नवऱ्याने हाकलून दिलेली. माहेरी भावजयीची बोलणी खात पडलेली. म्हणजे तीही अर्धीच. दोघींनी बसून ठरवलं: एकीने तोडायचं, एकीने मोळ्या बांधायच्या, ट्रॉलीत दोघींनी चढवायच्या. ही ती जोडी.

टोळी निघाली त्या सकाळी ट्रॉल्या वस्तीच्या टोकाला, माझ्या दुकानापुढे लागल्या. गावातली माणसं पुढच्या ट्रॉलीत, आमच्या मांगवाड्यातली मागच्या. पाण्याचे ड्रमही वेगळे, नेहमीसारखे. दोघी आपापलं बोचकं घेऊन आल्या. भागवतने त्यांच्या मागे बघितलं.

"पोरगी कुठंय?"

"शाळंत."

"आन ही कोण?"

"माजी जोडी. दगडाबाई."

"दोन बायका? येला कोयता म्हनत्यात व्हय?"

"नका म्हनू. सांच्याला मोळ्या बगा आन मग बोला."

एक जोडपं ऐन वेळी दुसऱ्या टोळीत पळालं होतं. भागवतला माणसं हवीच होती. तो दात कोरत म्हणाला, "चढा." पण एवढी माणसं बघत असताना नुसतं चढा म्हणून गप्प बसेल तो भागवत कसला!

"पर सगुणे, येवढं सांग. तुमच्या दोघीत नवरा कोण?"

ट्रॉली खदखदली. हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. दगडाबाईने मान खाली घातली. सगुणाबाईने बोचकं वर फेकलं, चाकावर पाय दिला आणि म्हणाली,

"नवरा कुनीच न्हाई, मुकादम. म्हनून सांच्याला मार बी कुनी खानार न्हाई."