डाव्या हातानं काढलेली बंदूक

बायको जाऊन आठ महिने झाले. एका गोष्टीवरून मी जन्मभर मनातल्या मनात जळलो, ती लिहून टाकतो. चौथीपर्यंत शिकलोय, चुकलं तर चुकलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं सरकारी कामावर खडी फोडत होतो. गाव धारूरच्या डोंगराकडचं, विहिरी ठणठणीत कोरड्या. घरात एक म्हैस तेवढी जगवली होती. त्याच साली गावात दुधाची सोसायटी निघाली. बायको सकाळी किटली घेऊन दूध घालायला जायची, मग कामावर यायची. दूध तपासायला माजलगावहून एक साहेब यायचा. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, आणि डावखुरा. डाव्या हातानं भराभर लिहायचा अन् म्हणायचा, "वहिनी, तुमच्या म्हशीला दुष्काळ पडलेला कुणी सांगितलाच न्हाई का?" ती खळखळून हसायची. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही.

लोकांनी सोसायटीत यावं म्हणून त्याच साहेबानं एकदा जीपमधून पिक्चरचं मशीन आणलं. दिवस मावळल्यावर दोन कडुलिंबांच्या मधे कापड ताणलं. गावाची रीत अशी की गडीमाणसं पुढं बसली आणि बाया कापडाच्या मागं. पिक्चर इंग्रजी, काळा-पांढरा. बोलणं कुणाला कळत नव्हतं, पण बघायला कळत होतं. आमच्यासारखाच उघडाबोडका माळ, त्यावर एकटा घोडेस्वार. टोपीची सावली डोळ्यांवर, अर्धं तोंड अंधारात. खोलीत कंदील लावला तरी उजेड थोडा आणि सावल्याच जास्त. एक देखणी बाई त्याच्याशी गोड बोलायची आणि खिडकीतून दुसऱ्यालाच खूण करायची. शेवटी त्यानं बंदूक काढली, तिघांना आडवं केलं आणि बाईला दारातच सोडून निघून गेला. मला ते पटलं.

सकाळी चुलीपुढं बायको म्हणाली, "कसली झटकन काढली वो बंदूक त्यानं! डाव्या हातानं!"

"उजव्या," मी म्हणालो.

"डाव्या. मी का आंधळी हाय?"

"तुला दुसऱ्याच कुणाचा डावा हात दिसला आसंल."

 तिनं किटली माझ्यापुढं आदळली. "उद्यापासनं तुमीच जा दूध घालायला."

तरी माझं समाधान झालं नाही. खडीवर शेजारी बसणाऱ्या दोस्ताला विचारलं, "आरं, त्या घोडेवाल्यानं बंदूक कंच्या हातानं काढली?"

"उजव्या. कावून?"

"काय न्हाई."

आणखी चौघांना विचारलं. सगळे म्हणाले, उजव्या. मग माझी खात्रीच पटली. पडद्यावर घोडेस्वार होता, पण हिच्या डोळ्यांपुढं तो साहेब होता. बाईमाणसाला विचारायची अक्कल मात्र सुचली नाही.

त्या दिवसापासून दूध मीच घातलं. साहेब बदलून गेला, तरी तिला पुन्हा जाऊ दिलं नाही. सोसायटीवर तिच्या मैतरणी भेटायच्या, चार शब्द व्हायचे, ते सगळं बंद. तिनं एकदाही मागितलं नाही. मला वाटलं, मनात चोर आहे म्हणून गप्प आहे.

गेल्या महिन्यात गावातल्या पोरांनी पारावर कापड बांधून त्यावर मशीननं क्रिकेटची मॅच लावली. गर्दीत बसवंना, म्हणून मी तंबाखू थुंकायला कापडाच्या मागं गेलो. सहज वर बघितलं. पुढून उजवा खेळणारा गडी मागून डावखुरा दिसत होता. आकडेसुद्धा उलटे. मी पुढं आलो, पुन्हा मागं गेलो. तीनदा गेलो. पोरं हसली, "आबा, कुणीकडून बघायचं ते ठरवा की!"

मी तसाच घरी आलो. ती खरं बोलली होती. मागं बसलेल्या सगळ्या बायांनी डावाच हात बघितला होता. ती किटली अजून माळ्यावर आहे. खाली काढली, पुसली, पुन्हा ठेवली. सांगायचं कुणाला?

साहेबाचा राग त्या दिवशी गेला. पण खरं लिहायचं तर अजून एक राहिलंय. त्या घोडेवाल्याबद्दल ती म्हातारपणीही म्हणायची, "तोंड लई देखणं होतं बगा त्याचं." तोंड तर दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. त्यावरून मी अजून जळतो. तेवढं भांडण करायचं होतं, आणि भांडायला ती नाही.