टाळ्यांनंतरचं कडवं

विद्यापीठाच्या काव्यपुरस्काराचा समारंभ. कुलगुरूंना पुढे दुसरीकडे जायचं होतं, म्हणून निवेदिका कवयित्रीला हळूच म्हणाली, "ताई, एकच वाचा, छोटीशी." तिने पुरस्कार मिळालेल्या संग्रहातली, दारात लेकीची वाट पाहणाऱ्या आईची कविता काढली. शेवटच्या कडव्याआधी ती श्वास घ्यायला थांबली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसली.

"आटोपशीर होती," माझ्या शेजारचे प्राध्यापक म्हणाले. ते परीक्षक होते.

कविता मध्येच तुटली तरी कुणाचं काही अडत नाही. मग माणसं आयुष्यभर हे कुणासाठी लिहितात?

त्या शेवटच्या कडव्यात लेक घरी पोचते. आज ती पोचली नाही. आई दारातच उभी राहिली.