बाबांचा हिरवा फडका

आमच्या घरातून देव आणि भुतं छप्पन साली, दीक्षा घेतली तेव्हाच एकदम बाहेर काढली होती... त्यामुळे असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही. घडलं तेवढं सांगतो.

ऐंशी सालानंतरचा एक हिवाळा. जरीपटका भागात माझं गॅरेज होतं. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या एका ठेकेदाराकडे जुनी जर्मन गाडी होती — कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल देणारा वेगळा नोझल, आणि त्याला हुकूम देणारा टेम्परेचर स्विच. आधी तिचं सगळं माझे बाबा बघायचे. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, हा त्यांचा नेम. एकदा स्विच बदलला तेव्हा ठेकेदार घरी नव्हता. नंतर तो म्हणाला, "जुना दाखव. नाही? म्हणजे बदललाच नाही, नवा खिशात घातला." सकाळी सातला, कामावर निघालेल्या अख्ख्या कॉलनीसमोर चोर म्हणाला, बाबांना बोलूही दिलं नाही. बाबांनी त्यानंतर पाना हातात धरला नाही, की त्या स्विचचा विषय काढला नाही. उन्हाळ्यात गेले.

डिसेंबरात त्या ठेकेदाराचाच निरोप आला. दुपारी गाडी चालू होते, सकाळी ढिम्म. मी गेलो... दुरुस्तीला नाही, त्याची फजिती बघायला.

सकाळचे सात. नोझल काढून बाटलीत धरला, फवारा बरोबर. पंप ठीक, प्लग ठीक. सगळं परत बसवलं, तरी ढिम्म.

"काहून चालू नाही होऊन राहिली गा?" ठेकेदार.

गाडीतली हत्यारं बघायला डिकी उघडली. स्टेपनीखाली बाबांचा हिरवा फडका, नीट गाठ मारलेला. आत जुना स्विच. मालक भेटला नाही म्हणून त्याच्याच गाडीत ठेवून दिला होता. माझं डोकं फिरलं. इंजिनपाशी येऊन नोझलची वायर उपटली.

"साहेब, हा घ्या जुना पार्ट. आता मोठ्यानं सांगा, माह्या बाबानं चोरी केली नव्हती. नाहीतर मी चाललो."

फाटकाशी डबे घेतलेली माणसं थांबली होती. ठेकेदारानं स्विच हातात घेतला. मग म्हणाला, "तुह्या बापानं चोरी नव्हती केली." आणि रागारागात किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नोझलची वायर माझ्या हातात होती!

वायर मी जोडून दिली होती, तरी दुसऱ्या दिवशी गाडी बंद. त्यानं पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, "कालचं तेच म्हणा." त्यानं म्हटलं, गाडी सुरू झाली. सबंध हिवाळा रोज सकाळी सातला, लोक कामावर निघताना, तो ते वाक्य म्हणायचा. गाडी एरवी ऐकायचीच नाही.

का, ते आजही कळलेलं नाही. मोठमोठ्या मेकॅनिकांना विचारलं. पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवसापासून मी तिचं बोनेट उघडलंच नाही. मार्चमध्ये ऊन तापलं आणि गाडी आपोआप सुरू व्हायला लागली. थंडी गेल्याचं मला आयुष्यात तेवढं एकदाच वाईट वाटलं.