रेमीच्या शर्टाला घाम

झेली आमच्या गावची परटीण. तोंडाने फटकळ, पण तिच्या धुण्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. सोम नदीकाठी विमानांचा तळ पडला, तेव्हापासून वैमानिकांचे शर्ट तिच्याकडे येऊ लागले. पोरं तिला झेलीआई म्हणत. तिचा स्वतःचा पोरगा, आशील, व्हर्दँच्या लढाईत बेपत्ता होता. बेपत्ता म्हणजे मेलाच, असं मला वाटायचं. पण तिच्या तोंडावर ते बोलायची माझ्यासारख्या खानावळवालीची काय बिशाद! त्याचे शर्ट ती अधूनमधून धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवायची.

१९१७ च्या एप्रिलात इतकी विमानं पडली की शेतात काम करताना आम्ही मान वर करणंच सोडलं. त्या वैमानिक पोरांपैकी रेमीचं विमान पडताना मात्र सगळ्या गावाने पाहिलं. पेटलं आणि गिरक्या घेत चर्चच्या मागे गेलं.

आणि पुढच्या धुण्यात रेमीचा शर्ट आला! पांढरा दोरा संपला म्हणून कॉलर तिनेच निळ्या दोऱ्याने शिवली होती. काखेत घाम.

"हुंग," तिने तो माझ्या नाकाशी धरला. "ताजा घाम आहे. मेलेल्या माणसाला घाम येतो काय गं?"

"अगं, पण आपण डोळ्यांनी..."

"तुझे डोळे! परवा पाद्रीबाबाला शेळी म्हणालीस."

आग खरी होती, घामही खरा होता. रेमी वाचला असेल तर आशील का नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं.

धुतलेला शर्ट घेऊन आम्ही तळावर गेलो. रेमी कुठाय, म्हणून आचाऱ्याला विचारलं.

"रस्सा खारट झालाय का, जरा बघता?" तो म्हणाला.

मेकॅनिक तर प्रश्न ऐकताच विमानाच्या पोटाखाली शिरला. पडलेल्याचं नाव तळावर घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम. आम्हाला कुठे ठाऊक!

"आतच आहे तो. लपवताहेत मेले," झेली कुजबुजली. आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटू लागलं.

इतक्यात मिसरूडही धड न फुटलेलं एक नवं पोर बाहेर आलं.

"झेलीआई ना? माझा शर्ट आणलात?"

"हा रेमीचा आहे."

पोर गोरंमोरं झालं. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणालं, "कुणी परत आला नाही, की त्याच संध्याकाळी आम्ही चिठ्ठ्या टाकून त्याचे कपडे वाटून घेतो. घरी फक्त पत्रं आणि घड्याळ पाठवतात. रेमीला हा नोएलचा मिळाला होता. नोएलला कुणाचा, ते सांगणारं आता कुणी नाही."

"मग घाम?"

"माझा. वर गेलं की भीती वाटते."

झेलीने शर्ट त्याच्या हातात दिला नाही. तशीच वळली आणि तडक घरी गेली. मला तिचा राग आला, त्या पोरांचा आला, कुणाकुणाचा आला काय सांगू.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तळावर निघाली. काखेत आशीलचे सगळे शर्ट, कडक इस्त्रीचे. तिने आस सोडली की आणखी घट्ट धरली, मला आजतागायत कळलेलं नाही.

"हे घाल," ती पोराला म्हणाली. "यांच्यात अजून कुणी मेलेलं नाही."